कसोटी : बांधकामाच्या पारखीचा इतिहास

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या स्मरणिकेत दात्यांची नामावली, विश्वस्तांची परंपरा आणि पूज्य साधू-साध्वींच्या चातुर्मासांच्या आठवणी येणे स्वाभाविक आहे. या मंगल प्रसंगी मी जरा वेगळा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे. सुवर्ण महोत्सवी वर्षात धर्मशाळेची नवी इमारत व भोजनशाळा उभारण्याचा संकल्प ट्रस्टने सोडला आहे. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न केला, ‘ठेकेदार विश्वासू आहे, आर्किटेक्ट नेमलेला आहे; मग सिमेंट, सळई आणि काँक्रीटच्या तपासणीसाठी वेगळा खर्च कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पै-पै जमवून दिलेल्या दानाचा हिशेब विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या काळची पारख

जैन समाजाला बांधकामाचा वारसा नवा नाही. आबू पर्वतावरील विमलवसही विमलशहाने इ. स. १०३१ मध्ये उभारली. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, इ. स. १२३० च्या सुमारास, वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी लूणवसही बांधली. पंधराव्या शतकात धरणाशहाने शिल्पी देपाकडून राणकपूरचा चौमुख प्रासाद उभारून घेतला. ही मंदिरे आजही भाविकांच्या पूजेत आहेत. त्या काळी सरकारी प्रमाणके नव्हती व प्रयोगशाळाही नव्हती. मग परीक्षा होत नव्हती काय? निश्चितच होत होती. शिल्पी दगडावर हातोडीचा हलका ठोका मारून त्याचा नाद ऐके. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर पाषाण अखंड. बद्द आवाज आला तर आत भेग किंवा पोकळी. दगडाचा रंग, शिरा आणि डाग पाहून त्याची प्रत ठरे. चुना विरवून, मुरवून, घाणीत मळून मगच वापरला जाई.

आबूच्या कारागिरांविषयी एक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कोरीव काम करताना निघालेल्या संगमरवराच्या भुकटीच्या वजनाइतके मोल त्यांना देण्यात आले, असे सांगतात. कथा किती खरी हा भाग निराळा. तिच्यातील व्यवहार मात्र विचार करण्याजोगा आहे. काम जितके बारीक, तितकी मजुरी अधिक. कमीत कमी दराच्या निविदेला काम देण्याच्या आजच्या रीतीच्या हा अगदी उलट मार्ग होता. शिवाय काम पिढीभर चाले, कारागीर आणि कारविता दोघेही तेथेच राहत आणि प्रत्येक दगड कित्येक डोळ्यांखालून जाई. तपासणी कामातच मुरलेली होती.

सिमेंट आले आणि डोळ्यांचा उपयोग संपला

एकोणिसाव्या शतकात दोन नवे पदार्थ बांधकामात आले. एक पोर्टलंड सिमेंट, ज्याचे पेटंट इंग्लंडच्या जोसेफ आस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले. आणि दुसरा कारखान्यात ओतलेले व लाटलेले लोखंड. या दोहोंचा एक गुण, किंबहुना अवगुण, असा की त्यांची प्रत नजरेला दिसत नाही. चांगले सिमेंट आणि वाईट सिमेंट ही दोन्ही राखाडी भुकटीच. निर्दोष लोखंडी खांब आणि आतून पोकळ राहिलेला खांब रंग दिल्यावर सारखेच दिसतात. येथून पुढे परीक्षेचे शास्त्र जन्माला आले.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनवासी हैराण झाले आणि शहराच्या भूमिगत गटारांचे प्रचंड काम सर जोसेफ बॅझलजेट यांच्याकडे आले. त्यांचे साहाय्यक अभियंता जॉन ग्रँट यांनी १८५९ पासून या कामावर येणाऱ्या सिमेंटची पद्धतशीर परीक्षा सुरू केली. सिमेंटचे ठोकळे करायचे, ते सात दिवस पाण्यात ठेवायचे, नंतर ताण देऊन तोडायचे आणि ठरलेल्या वजनाआधी तुटले तर माल नाकारायचा, अशी ती रीत होती. कारखानदारांना आरंभी हे जाचक वाटले. परंतु माल परत येऊ लागल्यावर त्यांनी आपली भट्टी आणि दळण सुधारले. ग्रँट यांच्या तपासणीने केवळ लंडनची गटारे मजबूत झाली असे नव्हे. सिमेंटचा सारा धंदाच सुधारला. ग्राहकाने ताका उलगडून पाहायला सुरुवात केली की गिरणीचा माल सुधारतो, हे आपल्यापैकी कापडाच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

याच सुमारास डेव्हिड कर्कॉल्डी या स्कॉटिश गृहस्थाने लंडनमध्ये लोखंड व पोलाद तोडून पाहण्याचे स्वतंत्र परीक्षागृह काढले. त्याचे भले मोठे यंत्र १८६६ पासून चालू झाले. पुढे १८७४ मध्ये बांधलेल्या त्याच्या इमारतीच्या दारावर ‘मते नकोत, तथ्ये हवीत’ अशा आशयाचे शब्द कोरलेले आहेत. कर्कॉल्डीचे महत्त्व असे की तो माल विकणारा नव्हता आणि विकत घेणाराही नव्हता. तिऱ्हाईत परीक्षकाची कल्पना त्याने रुजवली.

टे नदीवरील पूल

स्कॉटलंडमधील टे नदीवर सुमारे दोन मैल लांबीचा रेल्वेपूल १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचे रचनाकार थॉमस बाउच यांना राणीने ‘सर’ हा किताब दिला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात पुलाचा मधला उंच भाग कोसळला आणि त्याबरोबर एक आगगाडी नदीत गेली. गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही.

चौकशीत जे निघाले ते वाचून आजही मन सुन्न होते. वाऱ्याच्या जोराचा पुरेसा विचार झाला नव्हता, हा एक दोष. दुसरा दोष ओतकामाचा. पुलाजवळच्या ओतशाळेत खांब ओतताना त्यांत पोकळ्या राहत. त्या पोकळ्या मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस यांच्या लगद्याने बुजवून, घासून, वर रंग दिला जाई, अशी साक्ष झाली. पुलाचे कर्कॉल्डीकडे तपासलेले जोड अपेक्षेपेक्षा फार कमी भाराने तुटले. तिसरा दोष देखरेखीचा. पूल सुरू झाल्यावर त्याच्या तपासणीसाठी ज्याला नेमले होते तो मूळचा विटांच्या कामाचा गवंडी होता. लोखंडी कामाचा त्याला अनुभव नव्हता. बांधणीचे जोड ढिले होऊन खडखडत असल्याचे त्याला ऐकू आले, तेव्हा त्याने लोखंडाचे तुकडे फटीत ठोकून बसवले आणि बाउच यांना कळवलेही नाही. तो मनुष्य अप्रामाणिक नव्हता. ज्या कामाची जाण नाही ते काम त्याच्यावर सोपवले होते, हा दोष नेमणाऱ्यांचा.

ब्रुकलिनची तार

याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्क येथे ब्रुकलिनचा झुलता पूल बांधला जात होता. पोलादी तारांच्या चार जाड दोरखंडांवर हा पूल तोललेला आहे. तार पुरवणाऱ्या लॉईड हेग या ठेकेदाराच्या कारखान्यात निरीक्षक प्रत्येक वेटोळे तपासत, उत्तीर्ण मालाला दाखला देत आणि मगच गाडी पुलाकडे निघे. व्यवस्था चोख होती. तरीही १८७८ च्या जुलै महिन्यात उघडकीस आले, की वाटेत एका इमारतीत गाडी थांबे, तेथे चांगली तार उतरवून नाकारलेली तार चढवली जाई, आणि तोच दाखला दाखवून ती पुलावर पोहोचे. चांगली तार पुन्हा कारखान्यात जाऊन पुन्हा तपासली जाई!

तोवर पुष्कळशी वाईट तार दोरखंडांत विणली गेली होती. ती बाहेर काढणे अशक्य होते. सुदैवाने मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनी मुळातच गरजेच्या सहापट ताकद धरली होती. हिशेब करून त्यांनी ठेकेदाराच्या खर्चाने प्रत्येक दोरखंडात १५० जादा तारा घालून घेतल्या. पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला आणि आजही उभा आहे. बोध सरळ आहे : तपासणी कारखान्याच्या दारात करून भागत नाही, माल जेथे वापरला जातो तेथे, वापरण्याच्या क्षणी करावी लागते. नमुना एक आणि माल दुसरा, ही लबाडी आपल्या बाजारातही अपरिचित नाही.

आपल्या देशात

भारतात शासकीय परीक्षागृह कोलकात्यातील अलिपूर येथे १९१२ मध्ये सुरू झाले. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचेच रूपांतर १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोत झाले. काँक्रीटच्या कामाची संहिता, जिला अभियंते ‘आय. एस. ४५६’ म्हणून ओळखतात, प्रथम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९५७, १९६४, १९७८ व २००० मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

नियम पुस्तकात आले, पण बाजारात सिमेंटच मिळेना, असा काळही आपण पाहिला आहे. सिमेंटवर नियंत्रण होते, परमिटशिवाय पोते मिळत नसे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठले. टंचाईच्या त्या दिवसांत जे पोते हाती पडेल ते पवित्र मानले जाई. ते किती जुने, त्यात भेसळ किती, हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ‘मिळाले हेच नशीब’ ही त्या काळची सवय आजही अनेक संस्थांच्या बांधकाम समित्यांत शिल्लक आहे.

पानशेत, अहमदाबाद आणि त्यानंतर

महाराष्ट्राला या विषयाचा सर्वांत कठोर धडा १२ जुलै १९६१ रोजी मिळाला. पुण्याजवळील पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम पुरते संपलेले नसतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी चढले. पाणी सोडण्याच्या मोरीचे व तिच्या दरवाजांचे काम अपुरे होते. मोरीवरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सावरण्याचा पराक्रम केला, पण सकाळी धरण फुटले. खाली १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही तो लोंढा पेलू शकले नाही. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांतील हजारो संसार उघड्यावर आले. चौकशी आयोग बसले, अहवाल आले. अपुऱ्या कामावर भार घालण्याची घाई हे त्या दुर्घटनेचे मूळ होते. काम कोठवर आले हे तारखेवरून ठरवायचे नसते, तपासणीवरून ठरवायचे असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाचे ओझे यांनी घात केला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात भद्रेश्वर तीर्थाची फार मोठी हानी झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या तीर्थाचा पुढे जीर्णोद्धार झाला. परंतु त्याच दिवशी भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्या जुन्या नव्हत्या, काँक्रीटच्याच होत्या. तळमजला मोकळा ठेवून वर मजले चढवलेले, खांबांत सळईचे कडे विरळ, काँक्रीट कमजोर. शेजारचीच एखादी इमारत तडा न जाता उभी राहिली. हादरा दोघींना सारखाच होता, फरक बांधणीत होता.

भूकंप नसतानाही इमारती पडतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा येथे काही महिन्यांत घाईने चढवलेली अनधिकृत इमारत पडून ७४ माणसे मृत्यू पावली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली निवासी इमारत कोसळून १६ जण गेले. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंतचे रचनेतील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावेत अशी तरतूद केली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र ट्रस्टने स्वतःसाठी ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या धर्मशाळेला त्या तरतुदीवर विसंबता येणार नाही. तेथे करारात काय लिहिले आणि कामावर काय पाहिले, हाच आधार.

परीक्षा करायची म्हणजे काय?

या कामाचा बाऊ करण्याचे कारण नाही. सिमेंटचे पोते तीन महिन्यांहून जुने असेल तर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. साठवणीत त्याची ताकद घटत जाते. वाळू काचेच्या उभ्या भांड्यात पाण्यासह हलवून ठेवली की गाळाचा थर वर बसतो. तो साधारण आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुवावी किंवा परत पाठवावी. पाणी खारट नसावे, कारण क्षारांनी सळई आतून गंजते. सळईवर कारखान्याची खूण असावी, तिचे मीटरमागे वजन मोजावे आणि प्रत्येक खेपेचे तुकडे परीक्षेला पाठवावेत.

काँक्रीटसाठी कामावरच एक फूट उंचीच्या शंकूची परीक्षा होते. शंकू काढल्यावर ओला ढीग किती बसतो यावरून त्यात पाणी जास्त झाले का ते कळते. अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले की सिमेंटच्या प्रमाणात पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट दुबळे. काम सोपे व्हावे म्हणून मजूर एक बादली जादा ओततो, ती बादली इमारतीचे आयुष्य कमी करते.

नंतर ठोकळ्यांची परीक्षा. पंधरा सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून, पाण्यात ठेवून, अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. ‘एम २०’ प्रतीच्या काँक्रीटचा असा ठोकळा सुमारे ४६ टन भार पेलेल अशी अपेक्षा असते. संहितेच्या २००० च्या आवृत्तीनुसार ६० घनमीटरच्या स्लॅबसाठी पाच नमुने, म्हणजे प्रत्येकी तीन याप्रमाणे पंधरा ठोकळे भरावे लागतात. पंधरा ठोकळ्यांचे शुल्क आणि एका स्लॅबचा खर्च यांची तुलना वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पदवीधराला तोंडी करता येईल.

मात्र येथे ब्रुकलिन विसरू नये. ठोकळे ठेकेदाराच्या माणसाने वेगळ्या, जास्त सिमेंटच्या मालातून भरून ठेवले, तर अहवाल उत्तम येईल आणि स्लॅब तसाच राहील. म्हणून नमुना स्लॅबवर पडणाऱ्या मालातूनच घ्यावा, ठोकळ्यावर तारीख व ट्रस्टच्या प्रतिनिधीची सही ओल्या काँक्रीटमध्येच कोरावी, आणि प्रयोगशाळेची नेमणूक व तिचे शुल्क ट्रस्टने स्वतः पाहावे.

आपल्या धर्माची शिकवण

हा सारा विचार आपल्याला परका नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले, त्यांत खोटी मापे वापरणे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे खऱ्या मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा हलका माल देणे, यांचा स्पष्ट समावेश आहे. हेगची तार आणि टे नदीवरच्या खांबांतील मेण ही त्याचीच उदाहरणे होत. माल देणाऱ्याचा दोष शास्त्राने सांगितला. घेणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत असे मात्र कोठेही सांगितले नाही.

आपले साधू-साध्वी आपली वस्त्रे व उपकरणे दररोज पडिलेहण करून मगच वापरतात. वस्त्र कालचेच असते, स्वतःचेच असते, तरीही ते उलगडून पाहिले जाते. त्यात कोणावर अविश्वास नसतो. सूक्ष्म जीवाची विराधना होऊ नये ही जयणा असते. ज्या छताखाली शेकडो यात्रेकरू, वृद्ध आणि बालके निजणार, त्या छताचे पडिलेहण करणे ही तशीच जयणा आहे. त्यामुळे तपासणी म्हणजे ठेकेदारावर अविश्वास, असे मानण्याचे कारण नाही. प्रामाणिक ठेकेदाराला तर अहवालाचा आधारच मिळतो.

विनंती

विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो. एक, तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली धरावा, म्हणजे तो काटकसरीत उडणार नाही. दोन, प्रत्येक स्लॅबच्या दिवशी समितीचा एक सभासद, आणि त्याच्यासोबत या कामाची जाण असलेला अभियंता, प्रत्यक्ष हजर असावा. टे नदीवरच्या गवंड्याची स्थिती आपल्या सेवाभावी सभासदाची होऊ नये. तीन, अठ्ठावीस दिवसांचा अहवाल समाधानकारक आल्यावरच त्या टप्प्याचे बिल पूर्ण चुकते करावे. चार, सर्व अहवाल एका नोंदवहीत लावून ती वही ट्रस्टच्या दप्तरात कायम ठेवावी.

शंभराव्या वर्षी जेव्हा आपले नातू-पणतू या ट्रस्टची पुढची स्मरणिका काढतील, तेव्हा इमारतीला दुरुस्ती हवी की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे येईल. त्या वेळी संगमरवरी पाटीवरची दात्यांची नावे त्यांना अभिमान देतील. परंतु कोणत्या खांबात कोणती सळई आहे आणि कोणत्या स्लॅबचे काँक्रीट किती ताकदीचे आहे, हे त्यांना त्या नोंदवहीतूनच कळेल. ती वही आपण त्यांच्यासाठी लिहून ठेवावी, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.